परत न दिलेली बाटली

"सल्ला द्यायचा नाही. फक्त प्रश्न विचारायचा," उपासनी सर म्हणाले.

कॅन्टीनमधली टेबलं भिंतीकडे सरकवून बारा खुर्च्या गोल मांडल्या होत्या. अकरा खुर्च्यांवर आम्ही बायका आणि बाराव्या खुर्चीवर सर. खादीचा शर्ट, पायात साध्या चपला, मांडीवर निळी वही.

"प्रश्न म्हणजे कसला सर? पेपरात येतो तसला?" शकीला मुल्लानं विचारलं.

"नाही. जे तुम्हाला खरंच ठाऊक नाही आणि जे खरंच जाणून घ्यायचंय, ते विचारायचं."

"मग मला जाणून घ्यायचंय, चहा कधी येणार," मी म्हटलं.

सगळ्या खिदळल्या. सरही हसले. म्हणाले, "उत्तम प्रश्न. याचं उत्तर मलाही ठाऊक नाही."

तिथंच तो माणूस मला आवडला. पुढे त्याच माणसाला मी त्याच्या दारात उभं राहून काय काय बोलले ते सांगणारच आहे, पण आधी आवडला होता हे कबूल करायला पाहिजे.

याला आता सतरा वर्षं झाली. कराडजवळच्या एका सलाईनच्या कंपनीत मी तपासणीला होते. समोर एक फळी, अर्धी काळी, अर्धी पांढरी, आणि वर ट्यूबलाईट. भरलेली बाटली मानेला धरायची, उलटी करायची, हलकेच फिरवायची आणि आत काही तरंगतंय का ते बघायचं. पांढरा तंतू काळ्यावर दिसतो, काळा कण पांढऱ्यावर. काही दिसलं की बाटली लाल टोपलीत, नाही दिसलं की क्रेटमध्ये. अर्धा तास बघायचं, मग दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं. क्रेटवर आपापल्या नंबराची चिठ्ठी लावायची आणि क्रेट रोलरवरून पुढे ढकलायचा. पुढे लॅबवाल्यांना त्यात एखादी वाईट बाटली सापडली, तर अख्खा क्रेट परत यायचा आणि आपला नंबर फळ्यावर लागायचा. आमच्यात त्याच्याइतकी लाजेची गोष्ट नव्हती. बाई दिवसभर कुणाशी बोलायची नाही.

मला हे काम शिकवलं हौसाक्कानं. हौसाबाई माने, उंब्रजची. कंपनीची पहिली वीट रचली तेव्हापासून ती तिथं होती. मी नवी होते तेव्हा तिच्या अलीकडच्या टेबलावर बसायचे, म्हणजे माझे क्रेट तिच्या पुढ्यातून जायचे. तिची नजर अशी की जाता जाता, स्वतःचं काम न थांबवता, ती माझ्या क्रेटमधली नेमकी बाटली उचलायची आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायची, "ए नंदे! तुजी लेक माहेरी आली बघ!"

आणि ती बाटली माझ्या हातात द्यायची. सगळा हॉल हसायचा. मला रडू फुटायचं. एकदा मी चिडून म्हटलं, "आक्का, गपचूप टाक की तुझ्या टोपलीत! एवढी बोंब कशाला?" तर म्हणाली, "माज्या टोपलीत टाकली तर तुजा डोळा कसा सुधारंल गं?" तीन महिन्यांत माझ्या लेकी माहेरी यायच्या थांबल्या. पुढं जागा बदलल्या आणि मी तिच्या पलीकडच्या टेबलावर गेले. नवरा अपघातात गेल्यावर पदरात लहान मुलगी घेऊन मी त्या हॉलमध्ये आले होते. आक्का नसती तर आठ दिवसांत पळाले असते.

त्या वर्षी कंपनीत नवीन एच.आर. साहेब आले होते, खाडे नावाचे. कामगारांना नुसते नियम सांगून उपयोग नाही, त्यांनी योग्य-अयोग्याचा स्वतः विचार केला पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात आलं. म्हणून कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले उपासनी सर दर शनिवारी यायला लागले. दोन तुकड्या केल्या होत्या. मी पहिल्या तुकडीत, आक्का दुसऱ्या.

"वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आता मला खरं बोलायला शिकवणार व्हय?" आक्का डबा खाताना म्हणाली होती. "जाऊन ये बाई तू. काय शिकलीस ते मला सांग."

मग आला तिसरा शनिवार. फळ्यावर सरांनी लिहिलेलं होतं, गोलात कुणी साहेब बसणार नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही, इथलं बोलणं इथंच राहील. रीत अशी की एकीनं स्वतःच्या कामातला खरा प्रसंग सांगायचा, ज्यात आपण केलं ते बरोबर की चूक हे तिला आजही कळलेलं नाही. मग बाकीच्यांनी प्रश्न विचारत जायचं. शेवटी सगळ्यांना पटेल असं एक वाक्य सापडलं तर लिहायचं, नाही सापडलं तर घरी जायचं.

प्रसंग सांगायला कुणीच तयार नव्हतं. सर थांबले. चांगली पाच मिनिटं थांबले. मग स्वतःचाच प्रसंग सांगायला लागले. एका मित्राच्या मुलाला त्यांनी तोंडी परीक्षेत पास केलं होतं, आणि त्या मित्रानं नंतर सहज विचारलं तेव्हा "मुलगा हुशार आहे" म्हणून सांगितलं होतं. "मला अजून कळत नाही, मी कुणाला फसवलं," ते म्हणाले. एवढा शिकलेला माणूस आमच्यापुढं आपली लाज काढून ठेवतोय हे बघून माझं काळीज हललं.

"मी सांगते," मी म्हटलं.

"नावाशिवाय," सर म्हणाले.

"नावाशिवाय. मी ज्या बाईच्या पलीकडं बसते, तिची नजर कमी झालीये. तिच्या हातून बाटल्या सुटतात. तिचे क्रेट माझ्या पुढ्यातून जातात. दोन वर्षं झाली, मी तिचा प्रत्येक क्रेट बघते, वाईट बाटल्या काढून माझ्या लाल टोपलीत टाकते आणि तिथं माझ्या चांगल्या बाटल्या भरते. माझं काम मागं पडतं म्हणून सुपरवायझर मला रोज बोलतो. बोलू दे. तिची नोकरी टिकलीये."

नाव घेतलं नव्हतं, पण मी कुणाच्या पलीकडं बसते हे त्या गोलातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. त्या वेळी ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. डोक्यात एवढंच होतं की हे दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडतंय.

"विचारा," सर म्हणाले.

एकीनं विचारलं, "तू तिच्यासाठी करतेस का स्वतःसाठी?"

"तिच्यासाठीच की!"

"आणि ती बाटली ज्याच्या हाताला लागणार, त्याच्यासाठी?"

"त्याच्यासाठीही. वाईट बाटली मी पुढं जाऊ देत नाही ना."

मग शकीला. शकीला एरवी बोलायची नाही, हॉलमध्ये माझ्यासमोर बसायची. ती हळूच म्हणाली, "तू रजेवर असतीस तेव्हा कोण बघतं गं?"

दोन वर्षांत मी दोनच दिवस रजा घेतली होती, दिराच्या लग्नाला. ते दोन दिवस माझ्या मनात कधी आलेच नव्हते.

"दोनच दिवस होते मी रजेवर. तेव्हाचं माहीत नाही," मी म्हटलं.

सरांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "त्या बाईंना हे माहीत आहे?"

"काय?"

"तुम्ही त्यांचे क्रेट बघता, हे."

"असणारच की! एवढ्या वर्षांची मुरलेली बाई ती."

सरांनी माझ्याकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. पुढचा तासभर आम्ही बोलत राहिलो. बारावी नापास बाई मी, पण त्या दिवशी माझं डोकं असं चाललं की विचारू नका. शेवटी सगळ्यांना पटलेलं वाक्य मीच सांगितलं आणि सरांनी फळ्यावर लिहिलं, 'दुसऱ्याची चूक झाकणारा ती चूक स्वतःच्या अंगावर घेतो.' सर म्हणाले, "नंदाताई, हे वाक्य मला तीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्यानं दिलं नाही." मी फुलून गेले. आजही आठवलं की अंगावर काटा येतो, फुलून गेले होते म्हणून.

सोमवारी आक्कानं विचारलं, "काय शिकलीस गं?"

"प्रश्न विचारायला," मी म्हटलं आणि विषय बदलला.

दर सहा महिन्यांनी आमचे डोळे तपासायचे. मेडिकल रूममध्ये एक पाटी टांगलेली होती, वर मोठं अक्षर, खाली बारीक बारीक होत गेलेली. मी लागल्यापासून तीच पाटी. ती आम्हाला पाढ्यासारखी पाठ होती. ग, त ल, न र प, असं म्हणत म्हणत आम्ही डबे धुवायचो. त्यात कुणाला लबाडी वाटायची नाही. तपासायला येणारा माणूसही पेपर वाचत बसायचा आणि आम्ही म्हणून दाखवायचो.

त्या खेपेला तपासणी दोन महिने आधीच लागली. खाडे साहेब स्वतः हजर. पेपरवाल्या माणसाच्या जागी चष्मा लावलेली एक मुलगी, आणि भिंतीवर कोरी करकरीत नवी पाटी. वरचं मोठं अक्षर म. दारातून रांगेत उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं. आक्का माझ्यापुढं होती, पण ती बोलत होती माझ्याशी, मागं तोंड करून. तिच्या सुनेनं लोणच्यात मीठ जास्त घातलं होतं त्याबद्दल.

"आजी, या. उजवा डोळा झाका," मुलगी म्हणाली.

आक्कानं तळहातानं उजवा डोळा झाकला, मान ताठ केली आणि नेहमीच्या ठसक्यात सुरुवात केली, "ग. त, ल. न, र, प."

मुलगी म्हणाली, "आजी, पाटीकडे बघून सांगा."

"बगूनच सांगतीया की! ग. त, ल."

मागं नव्या पोरी फिसकन हसल्या. मला ओरडायचं होतं, आक्का, थांब, पाटी बदललीये! तोंड उघडलं सुद्धा. आणि परत मिटलं. आक्का तशीच शेवटच्या ओळीपर्यंत गेली, एकही अक्षर न चुकता, जी पाटी तिथं नव्हतीच ती. मग तिला खोलीतली शांतता कळली असावी. तिनं उजव्या डोळ्यावरचा हात काढला, पाटीकडे बघितलं, पुढं दोन पावलं गेली, परत बघितलं.

"ही कवा बदलली?" तिनं विचारलं.

खाडे साहेब म्हणाले, "हौसाबाई, तुम्ही जरा माझ्या केबिनमध्ये या." ती गेली. जाताना तिचा खांदा दाराच्या चौकटीला लागला, डावा. त्या दिवसानंतर ती हॉलमध्ये आली नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. उभे राहिले! साहेब माणूस माझ्यासाठी खुर्चीतून उठला.

"नंदाताई, तुमचे आभार मानले पाहिजेत. तुम्ही धाडस केलंत म्हणून एवढी गंभीर गोष्ट उघडकीस आली. कंपनी तुम्हाला प्रशंसापत्र देणार आहे."

"मी काय केलं साहेब?"

त्यांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे वळवला. टाईप केलेला. वर 'संवाद-सत्र तिसरे, सारांश'. मी वाचत गेले. 'तपासणी विभागातील एक कर्मचारी, शेजारच्या ज्येष्ठ सहकारी महिलेची दृष्टी क्षीण झाल्यामुळे, गेली दोन वर्षे तिचे क्रेट गुप्तपणे पुन्हा तपासत आहे. रजेच्या काळात ही तपासणी होत नाही.' खाली माझं ते फळ्यावरचं वाक्यही होतं. आणि त्याच्या खाली निळ्या शाईत सही, दि. वा. उपासनी.

डोक्यात तिडीक गेली. हा माणूस! फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहितो, इथलं बोलणं इथंच राहील, आणि घरी जाऊन टाईप करतो! स्वतःची लाज काढून दाखवली ती काय आमच्या पोटातलं काढून घ्यायला? प्रशंसापत्राला मी नको म्हटलं. साहेबांना ते विनय वाटलं.

रविवारी मी सरांच्या घरी गेले, कृष्णाकाठच्या एका जुन्या चाळीत. सर झाडांना पाणी घालत होते. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"नंदाताई! या, या."

"मी बसायला नाही आले. तुम्ही शब्द दिला होता सर."

त्यांनी झारी खाली ठेवली. म्हणजे त्यांना कळलं होतं.

"मी कुणाचंही नाव लिहिलं नाही," ते म्हणाले.

"नाव! अहो, आमच्या हॉलमध्ये माझ्या शेजारी ज्येष्ठ बाई किती आहेत? एक! एकच आहे! आणि रोज सुपरवायझरच्या शिव्या खाणारी कोण आहे? नाव लिहिलं नाही म्हणजे सांगितलं नाही, असं असतं होय?"

"सारांश देणं माझ्यावर बंधनकारक होतं. मी तसं पहिल्याच दिवशी..."

"आम्हाला नाही सांगितलं. खाडे साहेबांना सांगितलं असेल."

सर मग म्हणाले, "नाही. तुम्हाला सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं."

"चुकलं म्हणे! एका बाईची पंचवीस वर्षांची नोकरी गेली. लेबल चिकटवायला बसा म्हणाले तिला, ती ताठ मानेनं राजीनामा देऊन गेली. आणि तुमचं चुकलं!"

"नंदाताई, ते पाणी कुणाच्या तरी शिरेत जातं. शकीलाताईंचा प्रश्न ऐकल्यावर मला झोप आली नाही. ते दोन दिवस. मी ते पोटात ठेवून गप्प बसायला हवं होतं का? हे तुम्हीच मला सांगा."

"मग मला विचारायचं होतं! माझ्यासमोर बसून म्हणायचं होतं, नंदाताई, हे मी साहेबांना सांगणार आहे. मी भांडले असते, रडले असते, पण मला कळलं तरी असतं! माझ्यामागं जाऊन का सांगितलंत? तोंडावर सांगायची हिंमत नव्हती तुमच्यात. दुसरं काही नाही."

एवढं बोलून मी तिथल्या पायरीवर बसले. सरांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी हात लावला नाही.

"एक विचारू?" ते म्हणाले.

"आता काय राहिलं विचारायचं?"

"त्या बाईंना माहीत आहे, असं तुम्ही म्हणाला होतात. ते खरं होतं का?"

मी उठले आणि चालायला लागले.

तिथून तडक एस.टी. पकडून उंब्रजला. वाटेत मी ठरवत होते, आक्काला काय काय सांगायचं. त्या मास्तरनं कसा गळा कापला, साहेबानं कसं प्रशंसापत्र पुढं केलं आणि मी ते कसं झिडकारलं. तिला राग आला असणारच, पण मी सगळं नीट सांगितलं की ती म्हणेल, जाऊ दे गं, तुजा काय दोष. मला तिच्याकडून तेवढंच ऐकायचं होतं. खरं सांगते, त्यासाठीच चालले होते.

आक्का सोप्यात बसली होती. मांडीवर तांदळाचं ताट, हात तांदळात. सून शेतावर गेलेली.

"कोण हाय?"

मी पुढ्यात उभी होते. दहा फुटांवर.

"मी. नंदा."

"आलीस. बस."

मी बसले आणि सुरू केलं. मास्तर, वही, कागद, सही, सगळं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "पर त्या मास्तरला कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं, पण तिथलं तिथं राहणार म्हणून! आणि मी तुझं नाव घेतलं नाही आक्का, माझ्या लेकीची शप्पथ."

"आन त्यानं?"

"त्यानं पण नाही घेतलं, पण..."

मी तिथंच थांबले. ती मान वर न करता तांदूळ निवडत राहिली.

"काल कराडला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं हुतं पोरानं," ती म्हणाली. "काचबिंदू हाय म्हनला. डावा गेला. उजवा अर्धा हाय, त्यो औषधानं ऱ्हाईल म्हनला. मी इचारलं, डावा येईल का माघारी? तर म्हनला, गेल्याली नजर येत न्हाई आजी. दोन वर्सं आदी आला असता तर थांबिवला असता."

"आक्का..."

"थांब. माझं होऊ दे. मला त्या डोळ्यानं धुरकट दिसायचं. न्हाई असं न्हाई. म्हनलं वय झालं. पाटी म्हनून दावायची तवा वाटायचं, दिसतंय की सगळं. पाठ असलं की दिसतंय असंच वाटतं गं मानसाला. तरी भ्या वाटायचं. मग सांजच्याला फळ्याकडं बगायची. माजा नंबर न्हाई. रोज न्हाई. म्हनायची, हौसे, क्रेट माघारी येत न्हाई म्हंजी डोळा शाबूत हाय. दोन वर्सात माजी एक लेक माहेरी आली न्हाई नंदे. मला वाटलं, समद्या सुखात हायत."

तिनं आणखी एक मूठ तांदूळ पुढं ओढला.

"साहेबानं सांगितलं मला, तुमच्या शेजारणीनं दोन वर्सं झाकून घेतलं म्हनून. मी म्हनलं, साहेब, कायतरी चुकतंय तुमचं. नंदीला मी शिकीवलीया. तिला वाईट बाटली घावली असती तर तिनं माज्या हातात दिली असती."

"मला तुला दुखवायचं नव्हतं," मी म्हटलं. हे खरं होतं. आणि त्याच्या तळाशी दुसरंही होतं, तेही त्या सोप्यात बसूनच मला पहिल्यांदा कळलं. तिची बाटली तिच्या हातात देताना तिचं तोंड कसं होईल ते मला बघायचं नव्हतं. स्वतःची ती भीती मी दोन वर्षं माया म्हणून जपली होती. आणि शनिवारी बाराजणांत ती मांडली, कारण तिथं आक्का नव्हती.

"पंचवीस वर्सं माझं नाव हुतं त्या हॉलात," आक्का म्हणाली. "तू माज्या माघारी दोन वर्सं माजी कीव केलीस. धा-बारा मानसांस्नी सांगितलंस. साहेबाला कळलं, मास्तरला कळलं, कालच्या पोरींस्नी कळलं. मी शेजारी बसले हुते की गं तुज्या. हात लांब केला असतास तर लागली असते."

मी रडत होते. ती रडत नव्हती. तिची बोटं तांदळात फिरत होती, एकेक मूठ पुढं घेऊन पसरायची, चाचपायची आणि निवडलेल्या बाजूला सारायची. त्या निवडलेल्या ढिगात मला एक पांढरा खडा दिसला. तांदळाच्याच रंगाचा. मी डोळे पुसता पुसता हात पुढं केला आणि तो उचलला. मग दुसरा. मग ताटाच्या कडेचा, डाव्या बाजूचा. काहीच विचार न करता, रोलरवरून जाणाऱ्या क्रेटमधून काढावेत तसे, आणि मूठ मिटून घेतली.

आक्काची बोटं थांबली.

"काय काढलंस?"

"काही नाही."

सवयीनं तोंडातून गेलं. देवाशपथ, सवयीनं.

ती नुसती वाट बघत राहिली, उपासनी सर त्या शनिवारी थांबले होते तशी.

"खडे," मी म्हटलं.

"किती?"

"तीन."

तिनं तळहात माझ्यापुढं पसरला. मी एकेक करून तिन्ही खडे त्यावर ठेवले. तिनं ते अंगठ्यानं चोळून बघितले, सावकाश, तिन्ही.

"एवढंच करायचं हुतं," ती म्हणाली.

मग तिनं मांडीवरचं ताट आपल्याकडं ओढून घेतलं आणि निवडलेला सगळा ढीग परत मधे मिसळला.

"जा आता. साडेपाचची गाडी चुकंल," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून तांदूळ निवडायला लागली.